मी कोण, सांगा बघू?

सकाळी घरी पाहुणा येतो. आबा ओसरीवर चहा घेत बसलेले असतात. मुलगा किंवा सून कौतुकानं मोठ्या आवाजात विचारते, "आबा, ओळखलंत का? कोण आलंय, सांगा बघू?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. आबांच्या चेहऱ्यावर मात्र भीती दिसते. उत्तर चुकलं तर सगळे हसणार किंवा एकमेकांकडे बघणार, हे त्यांना अजून कळतं.

हे आबा जुने हवालदार असले तर मला फार वाईट वाटतं. खंडाळ्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे खाकी वर्दी मावळाच्या रोजच्या पाहण्यातली. सगळी नोकरी पंचनामे लिहिण्यात आणि जबाब घेण्यात गेलेल्या माणसाला म्हातारपणी स्वतःच्याच ओसरीवर रोज जबाब द्यावा लागतो. तोही घरातल्या माणसांना.

बिल काँडन यांच्या 2015 सालच्या 'मिस्टर होम्स' या चित्रपटात हेच दुःख जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराच्या वाट्याला आलं आहे. काळ 1947 चा. 93 वर्षांचा शेरलॉक होम्स ससेक्समध्ये मधमाश्या पाळून राहतो. ही भूमिका इयन मॅकेलन यांची. विसरायला नको म्हणून तो नावं शर्टाच्या कफवर लिहितो. एखादं नाव आठवलं नाही की वहीत ठिपका काढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आणि वहीतले ठिपके वाढत जातात. आपल्या शेवटच्या प्रकरणात नेमकं काय घडलं, हे तो तुटक आठवणींतून शोधत असतो. मला मात्र त्या शोधापेक्षा शेवटी त्यानं लिहिलेलं पत्र महत्त्वाचं वाटतं. लहानपणीच वडिलांनी सोडून दिलेल्या एका जपानी माणसाला तो कळवतो की तुझे वडील शूर आणि सज्जन होते. यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. जन्मभर पुराव्यापलीकडे एक शब्द न बोललेला माणूस दुसऱ्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून गोष्ट रचतो.

आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2013 साली 'अस्तु' केला. त्यातले डॉ. चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे गाढे पंडित, आणि त्यांना अल्झायमर झालेला. भूमिका केली मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. गाडीत बसलेल्या शास्त्रींना रस्त्यावरून जाणारा हत्ती दिसतो. मुलगी इरा जरा बाजूला गेलेली असते. ते उतरतात आणि हत्तीमागे चालू लागतात. इकडे इरा त्यांना शोधत फिरते. तिकडे ते माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्री तिला 'आई' म्हणतात, आणि ती त्यांना मुलासारखं सांभाळते. शास्त्री किती मोठे विद्वान आहेत, हे तिला माहीतच नसतं. त्यामुळे 'पूर्वीचे शास्त्री' त्यांच्याकडून परत मिळवायची तिची धडपडही नसते. ज्यांनी तो मोठेपणा पाहिला आहे, त्यांना असं वागणं किती कठीण जातं, हे इराकडे पाहून कळतं.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी खचतो, म्हणून जुनं मागं उरतं. नातवाचं नाव जातं आणि चाळीस वर्षांपूर्वीचा बक्कल नंबर बिनचूक आठवतो. समजा, आबा पहाटे चारला उठले आणि वर्दी मागू लागले, कारण कार्ल्याला एकवीरेच्या चैत्री यात्रेचा बंदोबस्त आहे. "आबा, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली," हे खरं आहे, पण त्या वेळी त्याचा काही उपयोग नाही. "बंदोबस्त सातला आहे, तोवर चहा घ्या. मागच्या यात्रेला केवढी गर्दी होती हो?" असं म्हटलं तर आबा बसतील आणि बोलतील. याला मी खोटेपणा मानत नाही.

पण याच मावळात जमिनीला सोन्याचा भाव आहे. ज्या माणसाला वार आठवत नाही, त्याला "चला, देवदर्शनाला" म्हणून वडगावच्या निबंधक कार्यालयात नेऊन कागदावर अंगठा घेणं, ही दगलबाजीच आहे. व्यवहार समजण्याची शक्ती नसताना केलेला करार भारतीय करार कायदाही धरत नाही. आबांच्या समाधानासाठी रचलेली गोष्ट आणि आबांच्या सातबाऱ्यासाठी रचलेली गोष्ट यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला मनातून कळत असतो.

आणि एक धोका रोजचाच. पुण्याहून लोणावळ्याला येणारी लोकल. चिंचवडला मुलीकडे जायला निघालेले आबा झोप लागून किंवा भांबावून पुढेच येतात आणि कामशेतला, मळवलीला उतरून बाकावर बसून राहतात. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी शिवून ठेवायला पाच मिनिटं लागतात. ती आजच शिवावी. आणि असे कोणी आबा आपल्याला बाकावर दिसले तर "कोण तुम्ही? कुठले?" अशी सरबत्ती करू नये. आधी पाणी द्यावं, चहा विचारावा. मग खिशात काही कागद आहे का ते त्यांच्याकडूनच बघून घ्यावं, 112 ला फोन करावा आणि घरचं कोणी किंवा पोलीस येईपर्यंत शेजारी बसावं, आपली लोकल चुकली तरी.