खुर्ची, राष्ट्र आणि प्रामाणिकपणा

वस्तू हे समाजाचे प्रतिबिंब असते, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्यातील ‘प्रतिबिंब’ हे एक रूपक आहे याचाच विसर पडतो. डॅनिश खुर्चीविषयीच्या लेखनात तो वारंवार पडलेला दिसतो. हान्स वेग्नर (१९१४–२००७) यांची १९४९ची गोल खुर्ची साधी, निरलंकृत आहे. म्हणून डॅनिश माणूस साधा, समतावादी, सचोटीचा, असा युक्तिवाद चालतो. खुर्चीचे गुण राष्ट्राला बहाल करायचे आणि मग राष्ट्राच्या गुणांनी खुर्चीचे स्पष्टीकरण द्यायचे, हे चक्र झाले, प्रमाण नव्हे.

या चक्राला छेद देणारा पुरावा वेग्नर यांच्याच कामात आहे. १९४४मध्ये त्यांनी केलेल्या खुर्चीचे नावच ‘चायना’. पाठ आणि हात एकाच वळणदार दांडीत सामावणारे मिंगकालीन आसन हा तिचा आधार, आणि १९४९ची खुर्ची ही त्याच शोधाची पुढची पायरी. मिंग खुर्ची हे ताठ बसण्याचे, मानाचे आसन होते. प्रतिष्ठेचा तो आकार कोपनहेगनला येऊन समतेचे चिन्ह झाला. अर्थ आकारात वसत नाही, वाचनपरंपरेत घडतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. (‘खुर्ची’ हा शब्दही अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि येथे सत्तेचा ध्वन्यर्थ घेऊन बसला.)

चिनी मूळ सापडल्याने डॅनिशपण खोटे ठरते, असे मात्र नाही. कोरे क्लिंट यांनी १९२४पासून कला अकादमीत परक्या, जुन्या नमुन्यांची मापे घेण्याची शिस्त लावली. फर्निचर-कारागिरांच्या संघाची प्रदर्शने १९२७ ते १९६६ या काळात भरली. डॅनिशपण शोधायचे तर ते या व्यवस्थेत शोधावे, ‘राष्ट्राच्या आत्म्यात’ नव्हे.

नैतिक प्रश्न खरा उद्भवतो तो सांध्यापाशी. गोल खुर्चीच्या पाठीतील सांधा आरंभी वेताच्या विणीखाली झाकलेला होता. पुढे वेग्नर यांनी वीण काढून दातेरी सांधा उघडा ठेवला. यालाच ‘सामग्रीचा प्रामाणिकपणा’ म्हटले जाते. परंतु प्रामाणिकपणा हा लाकडाचा गुण नव्हे. काय दाखवायचे, या निवडीचा तो गुण आहे. सांधा दिसतो. त्या काळच्या डॅनिश फर्निचरसाठी आग्नेय आशियातून येणारे सागवान कोणी तोडले, कोणी ओढले, हे दिसत नाही. उघडेपणाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने या झाकलेल्या बाजूविषयी मौन पाळावे, हे चमत्कारिक आहे.

१९६०मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या पहिल्या दूरचित्रवाणी-वादाच्या मंचावर हीच खुर्ची होती. तोवर अमेरिकेत तिला नुसते ‘द चेअर’ म्हणू लागले होते. राष्ट्राचे विशेषण गळून पडले होते.