घड्याळ बदलावें काय?

पुण्यांत आमचे एक डॉक्टर स्नेही आहेत. व्यवसाय उत्तम चालला आहे, वाचनाचा नाद आहे, आणि आम्ही अधूनमधून निबंध लिहितों एवढ्याच पुराव्यावर ते आम्हांस शहाणे समजतात. गेल्या दिवाळींत त्यांनीं आम्हांस फराळास बोलावलें आणि चकल्यांचें ताट पुढें सारतां सारतां एक प्रश्नहि पुढें सारला. त्यांच्या मनगटावर रोलेक्स कंपनीचें सबमरीनर नांवाचें घड्याळ असतें. तें त्यांनीं २००६ सालीं घेतलें. त्याच घड्याळाची सुधारलेली आवृत्ति आतां मिळत असून, जुनें देऊन वर कांहीं लाख रुपये भरल्यास नवें देण्यास एक व्यापारी तयार आहे. “तुम्हीच सांगा, बदलावें काय?” डॉक्टर म्हणाले. वहिनी आंतबाहेर करीत होत्या. त्या या विषयावर कांहीं बोलल्या नाहींत.

प्रश्न क्षुल्लक आहे, असें वाचक म्हणतील. ज्या देशांत कित्येकांस उद्यांच्या जेवणाची विवंचना आहे, तेथें असला प्रश्न चारचौघांत काढण्याचीहि लाज वाटावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एका घरांत जो प्रश्न घड्याळाविषयीं पडतो, तोच दुसऱ्या घरांत मोटारीविषयीं, तिसऱ्यांत फोनविषयीं आणि चौथ्यांत दिवाणखान्यांतील कोचाविषयीं पडतो. चालती वस्तु काढून तिच्या जागीं तिचीच सुधारलेली बहीण आणावी काय, हा आजच्या मध्यम वर्गाचा नित्याचा प्रश्न आहे. आणि असल्या घड्याळाच्या बाबतींत तो अगदीं उघडावाघडा दिसतो, कारण येथें गरजेचें निमित्त पुढें करण्यास जागाच नाहीं.

नव्याची बाजू प्रथम न्यायानें मांडूं. सबमरीनर १९५३ सालीं निघालें तें पाणबुड्यांसाठीं. डॉक्टरांजवळचें घड्याळ ४० मिलिमीटर व्यासाचें आहे. २०२० सालीं आलेलें नवें एका मिलिमीटरनें मोठें आहे. जुन्याची कमान पुरी भरली म्हणजे सुमारें ४८ तास पुरते, नव्याची सुमारें ७०. म्हणजे शुक्रवारीं रात्रीं उतरून ठेवलेलें घड्याळ सोमवारीं सकाळीं चालतेंच सांपडावें. नव्याची चाल दिवसाकाठीं दोन सेकंदांपलीकडे पुढें वा मागें जाऊं नये, अशी कंपनीची कसोटी आहे. शिवाय तबकडीभोंवतालचें फिरतें कडें पाहा. जुन्यांत त्यावर ॲल्युमिनियमची काळी चकती बसविलेली असे. नव्यांत ती चिनीमातीच्याच कुळांतल्या, पण अत्यंत कठीण अशा पदार्थाची आहे. ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि उन्हानें त्याचा रंग विटत जातो. नव्या चकतीवर सहसा ओरखडा उठत नाहीं आणि तिचा रंग उडत नाहीं. हें सर्व खरें असल्यामुळें नवें घड्याळ अधिक चांगलें, हें कबूल केलेंच पाहिजे. जुन्याच्या प्रेमापोटीं नव्याचे गुण नाकारणें हा अप्रामाणिकपणा होय, आणि आमच्या वयाच्या माणसांस तो फार लवकर जडतो.

पण चांगलें म्हणजे कोणत्या कामास चांगलें? डॉक्टर पोहावयास जात नाहींत. घड्याळ ते रात्रीं निजतांना काढतात व सकाळीं चढवितात. तेव्हां सत्तर तासांचा लाभ त्यांच्या वांट्यास येण्याचा संभव थोडा. राहतां राहिली अचूकता. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेइको कंपनीनें क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. तें महिन्याकाठीं पांच सेकंदांच्या आंतबाहेर चाले. अचूकतेच्या शर्यतींत कमानीचें घड्याळ त्याच दिवशीं हरलें. आज चौकांतल्या दुकानांतलें साधें क्वार्ट्झ घड्याळहि रोलेक्सहून बरोबर वेळ दाखवितें. आणि रुग्णांस अर्धा अर्धा तास तिष्ठत ठेवणाऱ्या डॉक्टरांनीं दोन सेकंदांची चिंता वाहावी, या गोष्टीवर त्यांच्याच दवाखान्याच्या बाकावर बसून आम्हीं पुष्कळदां मनन केलें आहे.

वेळ पाहण्यासाठीं हें घड्याळ घेतलें नव्हतें, हें उघड आहे. मग कशासाठीं? लोकांस दिसावें म्हणून, असें कोणी म्हणेल, आणि थोड्या अंशीं तें खरेंहि असेल. पण नुसतें दाखविण्यासाठीं कोणी जवळजवळ वीस वर्षें एकच वस्तु वापरीत नाहीं. असलीं घड्याळें विकलीं जातात तीं टिकाऊपणाच्या आश्वासनावर. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीनें तर १९९६ पासून आपल्या जाहिरातींचा भर याच कल्पनेवर ठेवला आहे, कीं घेणारा हा घड्याळाचा मालक नसून पुढच्या पिढीसाठीं नेमलेला राखणदार आहे. कल्पना सुंदर आहे. गंमत एवढीच, कीं असे कारखाने वर्षास नवा माल मांडतात आणि त्याच राखणदारास ठेव मोडण्याचा मोह घालतात. यांत त्यांस दोष देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. माल विकणें हा त्यांचा धर्म आहे. पोलादानें टिकण्याचें वचन पाळलें आहे. घेणाऱ्यानें घेतांना स्वतःच्या मनाशीं कांहीं वचन दिलें होतें काय, एवढेंच पाहावयाचें. टिकाऊपणासाठीं जास्त पैसे मोजावे आणि वस्तु टिकली असतां ती बदलून टाकावी, म्हणजे ज्या गुणाची किंमत दिली तोच गुण फुकट घालविणें झालें. अशा रीतीनें बदललेलें घड्याळ हें वीस वर्षें भाड्यानें वापरलेलें घड्याळ ठरतें. आणि जुन्यास लागलेला न्याय नव्यासहि लागणारच. पुढची आवृत्ति निघाली कीं डॉक्टरांचा प्रश्न जशाचा तसा उभा.

डॉक्टरांनीं गीतेचा आधार काढला. जीर्ण वस्त्रें टाकून नवीं घ्यावींत, हें भगवंतांनींच सांगितलें आहे, असें ते म्हणाले. भगवान तेथें देहीं व देह यांविषयीं बोलत होते, दुकानाविषयीं नव्हे, हें सोडून दिलें तरी ‘जीर्ण’ हें विशेषण डॉक्टर सोयीस्करपणें विसरत होते. त्यांचें घड्याळ जीर्ण झालेलें नाहीं. नवें शेजारीं आणून ठेवल्यामुळें तें जीर्ण दिसूं लागलें आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. दर कांहीं वर्षांनीं घड्याळ उघडून साफ करावें लागतें. त्या वेळीं रबरी कडीं बदलतात, कमान बदलते, झिजलेलें चाक बदलतें. असें होतां होतां सगळेच भाग नवे व्हावयाचे असतील, तर एकदमच सगळें बदलण्यास हरकत कोणती? मिलिंदपञ्ह या पालि ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजास असेंच पेचांत धरतो: ज्या रथांतून तूं आलास तो रथ म्हणजे आंस काय, चाकें काय, कीं जूं? यांतलें एकहि रथ नव्हे आणि यांहून निराळाहि रथ नाहीं. रथ हें व्यवहारापुरतें ठेवलेलें नांव होय. नागसेनाशीं वाद घालण्याची आमची प्राज्ञा नाहीं. तथापि तें नांव तरी कशाच्या जोरावर टिकतें, असें विचारावेंसें वाटतें. एक चाक बदललें तेव्हां बाकीचीं जागेवर होतीं. नवें चाक जुन्यांच्या संगतींत बसलें आणि घड्याळ त्याच मनगटावर परत आलें. घरहि असेंच चालतें. आजी जाते, सून येते, नातू जन्मतो, आणि घर तेंच राहतें. एका दिवसांत सगळीं माणसें बदललीं तर त्यास कोणी तेंच घर म्हणणार नाहीं.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. आमच्या मनगटावर एच.एम.टी.चें ‘जनता’ आहे. बंगळूरच्या त्या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं घड्याळें काढण्यास आरंभ केला, आणि जानेवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारनें ती घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आमचें घड्याळ देऊन सुधारलेली आवृत्ति घेण्याची सोयच उरलेली नाहीं. आणि ज्यास मोहाची सोय नाहीं त्यास संयमावर व्याख्यान देणें फार सोपें असतें. शिवाय जुनें घड्याळ मिरविणें हीहि एक मिरवणूकच. बाही वर सारून ‘आम्हांस हेंच पुरतें’ असें म्हणतांना होणारा आनंद डॉक्टरांच्या आनंदाहून फारसा सात्त्विक नसतो, हें आम्हीं स्वतःस पकडून पाहिलें आहे. म्हणून डॉक्टरांस आम्हीं त्या दिवशीं कांहीं निक्षून सांगितलें नाहीं.

मध्यंतरीं त्यांस फोन आला म्हणून ते गच्चीवर गेले, आणि वहिनी प्रथमच बोलल्या. डॉक्टरांचे वडील सातारा जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षक होते. घरांतली प्रत्येक मोठी वस्तु त्यांस विचारून घेतलेली; हें घड्याळ तेवढें न विचारतां. ते रागावतील या भीतीनें डॉक्टर दोन दिवस पूर्ण बाह्यांचा सदरा घालून वावरले. तिसऱ्या दिवशीं वडिलांनीं हात पुढें केला. घड्याळ उलटसुलट करून पाहिलें, आणि कानाशीं धरलें. बराच वेळ ऐकत राहिले. “चाल बरी आहे. सांभाळून वापर,” एवढेंच बोलून त्यांनीं तें परत दिलें, किंमत विचारली नाहीं. पुढें शेवटच्या आजारांत ते कधीं कधीं तें मागून घेत आणि कानाशीं धरून पडून राहत. चष्म्यावांचून कांटे दिसत नसत, पण टिकटिक ऐकूं येई. कड्यावर जो एक खोल ओरखडा आहे तो त्या खाटेच्या लोखंडी दांडीचा.

“ते विसरलेले नाहींत,” वहिनी म्हणाल्या. “पण बोलत नाहींत. तुम्हीहि काढूं नका.”

नव्या चकतीवर ओरखडा उठत नाहीं, हा तिचा मोठा गुण म्हणून आम्हीं वर नमूद केला आहे. वडिलांची आठवण मनांत असते, चकतींत नसते, हेंहि आम्ही जाणतों. परंतु आमचें मन तरी असें आहे, कीं त्यास धरावयास कांहीं खुंटी लागते. आणि त्या गुणास गुण म्हणावें किंवा नाहीं, याविषयीं आमची पूर्वीची खात्री उरलेली नाहीं.

डॉक्टर परत आल्यावर आम्हीं एवढेंच सुचविलें, कीं जुनें घड्याळ आठनऊ वर्षांत उघडलेलें नाहीं, तेव्हां आधीं तें साफ करून आणावें, मग काय तें ठरवावें. त्यांनीं तें मानलें. व्यापाऱ्यास त्यांनीं अद्याप होकार कळविलेला नाहीं आणि नकारहि नाहीं. घड्याळ सहा आठवड्यांच्या बोलीनें मुंबईस गेलें आहे. तोंवर वापरावयास आम्हीं त्यांस आमच्याकडचें दुसरें एक एच.एम.टी. दिलें. त्यांचें घड्याळ हाताच्या हालचालीनेंच भरत असे. यास रोज सकाळीं किल्ली द्यावी लागते, आणि ती संवय त्यांस नाहीं. परवां आम्हांस त्यांच्या बाकावर अर्ध्या तासाऐवजीं पाऊण तास बसावें लागलें.