“मला गुण आला” एवढे पुरे आहे काय?

आमच्या तरुण संघातील एक मुलगा परवा ताकद वाढवणाऱ्या पावडरचा डबा घेऊन आला. किंमत त्याच्या आईच्या आठवड्याच्या मजुरीइतकी. “मला गुण आला, गुरुजी. तुम्ही इतर मुलांनाही सांगा,” तो म्हणाला. मुलगा खोटे बोलत नव्हता. मग मी सांगावे की नाही?

१९७२ साली अमेरिकेतील एरियल व सॅव्हिल या संशोधकांनी वजने उचलणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना चार आठवडे गोळ्या दिल्या. त्या स्टेरॉइडच्या आहेत असे त्यांना सांगितले होते. त्यांची ताकद पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढली. प्रत्यक्षात गोळीत औषध नव्हतेच! त्यांना विचारले असते तर त्यांनीही मनापासून गोळीचेच गुण गाइले असते. म्हणजे माणूस खरा असूनही त्याची साक्ष चुकू शकते. नियमित व्यायाम, वाढते वय, चांगले जेवण आणि विश्वास यांचे श्रेय आपण डब्याला देऊन मोकळे होतो.

म्हणून चांगल्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एकाला खरा पदार्थ देतात, दुसऱ्याला दिसायला तसाच पण पोकळ. आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत गुप्त ठेवतात. या कसोटीला क्रिएटिन वजनांच्या व्यायामाच्या बाबतीत बऱ्याच अंशी उतरले आहे. पण सगळेच उतरत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्के अधिक आढळला. गाजरात असते ते गोळीतही हितकारकच असणार, हा तर्क फोल ठरला.

तेव्हा कोणी “शास्त्राने सिद्ध झाले आहे” म्हटले, तर शांतपणे विचारावे: तुलना कशाशी केली? किती जणांवर, किती दिवस? खर्च कोणी केला? दुसऱ्यांनी करून पाहिले तेव्हा तेच आढळले काय?

नववी आज्ञा आपण लबाडांसाठी मानतो. परंतु न पारखता दिलेली साक्षही शेजाऱ्याचा खिसा रिकामा करते, कधी त्याच्या प्रकृतीवरही बेतते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकाचा शब्द तर मुले डोळे मिटून घेतात.

मी त्या मुलाला म्हटले, “तुझी ताकद वाढली हे मी आनंदाने सांगेन. पावडरीने वाढली, असे मात्र सांगणार नाही. ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही.” तो जरा हिरमुसला. पण जाताना डब्यावरचा बारीक मजकूर वाचत गेला.