बरणीतील नाणी

कोकणात वैशाखात लोणची घातली जातात, आणि वर्ष सरता सरता बरण्या रित्या होतात. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडील अलोऱ्यासारख्या गावी फळीवर एखादी रिती बरणी किंवा डबा नाही, असे घर विरळाच. पुष्कळ गृहिणी तींत बाजारातून उरलेली सुटी नाणी टाकीत असतात. रोज दोन रुपये पडले तर वर्षाअखेर ७३० रुपये होतात. पाच पडले तर १,८२५. हातावर पोट असलेल्या कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे.

परंतु येथे एक प्रश्न उद्भवतो. उद्याविषयी चिंतातुर न होण्याची शिकवण ज्यांस मिळाली, त्यांनी असा संचय करावा काय? हा अविश्वास नव्हे काय?

या प्रश्नाचा उलगडा होण्यास राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उपयोगी आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा येत असे. तरी योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत भगदाडे तशीच राहिली. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले व ती वेदीजवळ ठेविली. पेटीत पुष्कळ पैसा जमला की तो सर्वांसमक्ष नव्हे, तरी दोघांनी मिळून मोजावा आणि सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मजुरीस लावावा, असा क्रम पडला. पैसा पूर्वीही होता. उणीव होती ती ठरलेल्या हेतूची व चोख हिशेबाची.

तात्पर्य, दोष साठविण्यात नाही, निर्हेतुक साठविण्यात आहे. जी बरणी मुलाच्या पुस्तकांसाठी, घराच्या कौलांसाठी किंवा आजारी शेजाऱ्यासाठी भरते, ती काटकसर होय. जी केवळ भरण्यासाठी भरते, ती कृपणता होय. दोहोंतील नाणी मात्र सारखीच वाजतात! यास्तव बरणी केव्हा उघडावयाची तो दिवस आधीच ठरवावा. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. ज्यांनी आपल्या बरण्या कधी उघडल्याच नाहीत, त्यांच्यापाशी शेवटी नुसती धातू उरली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे. कित्येक घरी पत्नी आपल्या तोंडचा घास राखून नाणी जमविते, आणि घरधनी तिला न विचारता त्यांत हात घालितो. घरातलेच घेतले, ती चोरी कशी, असे तो म्हणतो. परंतु ज्या हेतूने ते ठेविले, तो हेतूच त्याने चोरिला. उलटपक्षी, पत्नीने भयास्तव बरणी लपवावी, हेही घरास शोभत नाही. यहोयादाच्या पेटीप्रमाणे दोघांनी मिळून मोजावे.

लोणच्याची बरणी असेल तर ती कढत पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. खार राहिल्यास नाण्यांस कळंक चढतो. तोंडास दादरा बांधावा. भरल्यावर रक्कम टपाल कचेरीच्या बचत खात्यात न्यावी. बरणी व्याज देत नाही. आणि ती पुन्हा रिती होईल तेव्हा खेद मानू नये. रिती होण्यासाठीच ती भरली होती.