न जन्मलेल्यांची संमती

जनुकांत बदल करणे म्हणजे ईश्वराच्या कामात ढवळाढवळ, भोगून फेडायचे कर्मफळ मधल्यामध्ये टाळणे, असे अनेक श्रद्धावानांना मनापासून वाटते. पण आपल्याच परंपरेत सुश्रुताने आईबापांच्या शुक्र-शोणितातून येणारे रोग ‘आदिबलप्रवृत्त’ म्हणून वैद्यकात मोजले आहेत आणि बलवान पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, दुबळ्या दैवावर मात करतो, असे चरकाने मांडले आहे. जन्मासोबत आलेली व्याधीही वैद्याच्या कक्षेत येते, हे तिथे गृहीतच आहे. म्हणून बदल करावा की नाही यापेक्षा तो कोणाच्या शरीरात आणि कोणाला विचारून करावा, हा प्रश्न मला खरा धर्मविचाराचा वाटतो.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलच्या वेदना घराघराला ठाऊक आहेत. एका जनुकातले एक अक्षर बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने या आजारावरच्या, क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने होणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होईल असा बदल करून त्या परत सोडतात. हा बदल पुढच्या पिढीत जात नाही. जोखीम ज्याच्या अंगावर, त्याला आधी विचारता येते. चीनमध्ये २०१८ साली ‘हे च्यानकुई’ या शास्त्रज्ञाने जे केले ते याच्या अगदी उलट होते. एचआयव्हीची बाधा पुढे कधी होऊ नये म्हणून त्यांनी भ्रूणांतच जनुक बदलले आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. त्या भ्रूणांना कोणताही आजार नव्हता, आणि झालेला बदल त्या मुलींच्या वंशात उतरू शकतो. तिथल्या न्यायालयाने या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची शिक्षा दिली.

लस टोचतानाही मुलांना कुठे विचारतो, असे कोणी म्हणेल. पण लसीचा परिणाम त्या मुलापुरता असतो, नातवंडांच्या रक्तात लिहिला जात नाही. आजार ठाऊक असून भ्रूण तसाच ठेवणे हाही विनासंमती निर्णयच नव्हे का, हा आक्षेप मात्र जड आहे. बहुतेक जोडप्यांना भ्रूणतपासणीने निरोगी भ्रूण निवडता येतो. दोघेही सिकलसेलचे रुग्ण असतील तर तोही मार्ग उरत नाही. त्यांचे दुःख मी नाकारत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी जनुकबदलातली चूक दुरुस्त कशी करायची, हे कळेपर्यंत थांबणेच योग्य. शिवाय सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्याला मलेरियाच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळते. जनुकाला सरसकट दोष ठरवणे इतके सोपे नाही.

चांगल्या हेतूचे तंत्रही वाट चुकते, हे आपण पाहिले आहे. गर्भजल तपासणी जनुकीय विकृती शोधायला आली आणि मुलींच्या जिवावर उठली. महाराष्ट्राला १९८८ मध्ये त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा करावा लागला. वंशात उतरणारे बदल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहेत. त्या निषेधाला कायद्याचे बळ मिळायला हवे. आणि क्रिस्पर उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. तो नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात मिळावा, यासाठी आपण आतापासूनच आग्रह धरला पाहिजे.