नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

परसांत उगवलेल्या झाडाचें नांव आपणांस ठाऊक नसतां तें ठाऊक आहे असें सांगणें, हा दोष आहे कीं केवळ हलगर्जीपणा? वाचकहो, प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूरसारख्या गांवीं, जेथें काळ्या मातींतील पऱ्हाटी व तूर यांवर लोकांचें पोट चालतें, तेथें झाड ओळखणें व न ओळखणें यांत पुष्कळ अंतर आहे.

समजा, तेथील एका परसांत न्हाणीच्या सांडपाण्यावर पुरुषभर उंचीचें एक झाड माजलें आहे. दिवाळीच्या सुमारास त्यास बशीएवढीं पिवळीं फुलें येतात. मध्यें गोल चकती, भोंवतीं पाकळ्यांचें कडें. गेल्या वर्षीं तें होतें, यंदाही आहे. शेजारीण म्हणते, सूर्यफूल. शाळेंत जाणारा मुलगा म्हणतो, कॉसमॉस. कोणी वडीलधारा म्हणतो, हें मधुमेहावरील औषध, काढा करून प्यावा. घरधनी म्हणतो, तण आहे, उपटा. चौघांनींही मत दिलें. पान मात्र एकानेंही हातीं धरलें नाहीं.

आपण तें धरून पाहूं. सूर्यफूल तें नव्हे, कारण सूर्यफुलाचें झाड दाणे भरले कीं वाळून जातें. त्याचें आयुष्य एका हंगामाचें. पिवळा कॉसमॉसही तसाच, पण तो फसवितो. त्याचें सुईसारखें बीं जागच्या जागीं गळतें आणि पहिल्या पावसासरशीं रोपांची दाटी उठते. पाहणारा म्हणतो, गेल्या वर्षींचेंच झाड फुटलें. तें गेल्या वर्षींचें नव्हे, त्याचें लेंकरूं आहे. हा भेद वरून दिसत नाहीं. खुरप्यानें माती सारून जुनें मूळ जिवंत आहे कीं नाहीं हें पहावें लागतें. शिवाय कॉसमॉसचें पान बारीक चिरलेलें असतें, तें एवढ्यानेंच ओळखूं येतें.

मुळापासून वर्षानुवर्षें फुटणारीं, अशा उंचीचीं व अशा फुलांचीं झाडें म्हणून संशय घ्यावा तो मुख्यतः दोहोंचा. एक टिथोनिया, ज्यास मेक्सिकन सूर्यफूल म्हणतात. मेक्सिको व मध्य अमेरिका हें त्याचें मूळस्थान. खोड खालीं लांकडासारखें होतें, बहुतेक पानांस तीन किंवा पांच फांटे असतात, आणि फुलाचा देंठ फुलाच्या लगेच खालीं फुगलेला व आंतून पोकळ असतो. नुसती फांदी खोंचली तरी जगते. टिथोनस या ग्रीक कथेंतील पुरुषावरून हें नांव पडलें. त्याच्यासाठीं अमरत्व मागितलें गेलें, तारुण्य मागावयाचें राहून गेलें. फुलें सरल्यावरचें तें काटकुळें झाड पाहिलें म्हणजे नांव शोभतें खरें.

दुसरें जेरुसलेम आर्टिचोक. त्याचें पान अखंड, रुंद व खरखरीत. फुलें सरल्यावर वरचा सर्व भाग मरतो आणि जमिनींत आल्यासारख्या गांठी उरतात, ज्या खातां येतात. या झाडाच्या नांवाची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तें जेरुसलेमचें नव्हे आणि आर्टिचोकही नव्हे. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवासी तें लावीत असत. १६०५ सालीं शांप्लें या फ्रेंच प्रवाशानें केप कॉडच्या किनाऱ्यावर त्याच्या गांठी चाखल्या व चव आर्टिचोकसारखी असें लिहिलें. इटलींत त्यास सूर्याकडे वळणारें या अर्थीं जिरासोले म्हणत. त्याचा अपभ्रंश जेरुसलेम झाला असें पुष्कळ जण मानतात. १६१३ सालीं ब्राझीलमधील तुपिनांबा जातीचे कांहीं लोक पॅरिसला आणले होते, तेव्हां फ्रेंचांनीं त्यांचें नांव या झाडास चिकटविलें. त्या लोकांचा व झाडाचा संबंध कांहींच नव्हता. ऐकीव नांव शतकें टिकतें. पवित्र नगराचें नांव लाभलें म्हणून गांठीची चव बदलली नाहीं हें खरें, पण तें नांव ऐकून झाडाचा देश शोधणारा वाट चुकला.

कोणी म्हणेल, नांव कांहीं असो, फूल तर तेंच ना? फुलाकडे पाहून आनंद मानणाऱ्यास हें चालेल. काढा पिणाऱ्यास चालणार नाहीं. अमुक झाड अमुक रोगावर आहे असें जो न पाहतां सांगतो, त्याच्या शब्दावर विश्वासून दुसरा पितो. आणि त्या पिण्याचें उत्तर पिणाऱ्यानें एकट्यानें कां द्यावें? म्हणून मूळ प्रश्नास माझें उत्तर असें कीं, हा हलगर्जीपणा नव्हे, दोषच आहे. मात्र ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणून स्वस्थ बसणें ही नम्रता नव्हे, तो आळस आहे. आजकाल मोबाइलनें छायाचित्र घेतलें कीं क्षणांत नांव मिळतें. साधन चांगलें आहे. तें फूल पाहतें, देंठ पोकळ आहे का तें चिमटून पाहत नाहीं, माती उकरीत नाहीं. तेवढें काम अजून आपल्याच हातांस आहे.

आपल्या भाषेंत नांव ठेवणें निराळें आणि नांवें ठेवणें निराळें. तसेंच निंदणें म्हणजे तण काढणें, आणि निंदणें म्हणजे दोष देणें. अल्लीपूरच्या वावरांत निंदणास जाणाऱ्या बाया दोन पानांवरची पऱ्हाटी व शेजारचें तण यांत चुकत नाहींत, कारण ओणव्यानें पाहून पाहून त्यांचा हात शहाणा झालेला असतो. माणसास निंदतांना मात्र आपण ओणवत नाहीं. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील शेतधन्यानें निदण उपटूं दिलें नाहीं, कारण ओंबी येईपर्यंत तें गव्हासारखेंच दिसतें. त्यास निदण आवडत होतें असें नव्हे. गव्हावर हात पडूं नये म्हणून तो थांबला.

आणखी एक सांगावयाचें आहे. वनस्पतिशास्त्रांत झाडाचें कुळ सांगतात, आणि वर सांगितलेलीं सर्व झाडें एकाच कुळांतलीं. शेवंती त्यांत, झेंडू त्यांत, करडई त्यांत. आणि १९५० नंतरच्या दशकांत पुण्यास प्रथम नोंदलें गेलेलें, अंगास खाज आणणारें गाजर गवतही त्यांतच. कुळ कळलें म्हणजे गुण कळला असें नाहीं. टिथोनियाचेंच पहा; पश्चिम केनियांत शेतकरी त्याचा पाला हिरवें खत म्हणून शेतांत घालतात, आणि आफ्रिका व आशिया खंडांत कित्येक ठिकाणीं तें तेथील झाडांस हुसकणारें म्हणून उपद्रवी मानलें जातें. झाड एकच. गांवांत कुळ विचारून माणसाची किंमत ठरविण्याची खोड ज्यांनीं सोसली आहे, त्यांस हें अधिक समजाविणें नको.

तर घरधन्यानें झाड उपटूं नये, आणि काढाही करूं नये. फुलांत असतांना देंठ चिरून पहावा, झाड वाळतांच एका बाजूनें माती उकरून गांठी आहेत का तें पहावें. शंका उरल्यास पान, फूल, देंठ व मूळ हीं चारही घेऊन सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें. नुसतें फूल नेऊं नये. टिथोनिया ठरल्यास बीं धरण्यापूर्वीं छाटून पाला खताच्या खड्ड्यांत टाकावा, छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठीं फेकूं नयेत, आणि शेजारणीनें फांदी मागितली तर ती देतांना झाड पसरतें हेंही तिला सांगावें.