आरंभाची निवड आणि अंतराची नीती : काल्विनोचे वाचन कोठून सुरू करावे?

एखाद्या लेखकाचे वाचन कोठून सुरू करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाचा, आणि त्याहीपुढे जाऊन नीतीचा प्रश्न आहे. प्रथम वाचलेली कृती पुढील सर्व कृतींसाठी अपेक्षांचे क्षितिज आखून देते. त्या क्षितिजात न मावणारे जे असेल ते अपवाद म्हणून बाजूला सारले जाते. दर पुस्तकागणिक नवा घाट शोधणाऱ्या इतालो काल्विनो (१९२३-१९८५) या इटालियन कथाकाराच्या संदर्भात हा धोका विशेष संभवतो.

अभ्यासकांची रुळलेली वाट त्याच्या उत्तरकालीन कृतींतून जाते. ‘हिवाळ्यातल्या एका रात्री जर एक प्रवासी’ (१९७९) या कादंबरीत दहा कादंबऱ्यांचे आरंभ आहेत आणि ‘तू’ म्हणून संबोधलेला वाचकच तिचा नायक आहे. वाचककेंद्री समीक्षेला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. तथापि येथून आरंभ करणाऱ्याच्या मनात काल्विनोची प्रतिमा ठरून जाते : रूपाशी खेळणारा, जीवनाकडे पाठ फिरवलेला बुद्धिमान कारागीर. कलावाद आणि जीवनवाद यांचा जुना वाद मराठी समीक्षेला परिचित आहे. त्या वादाच्या चौकटीत तो मग आपोआपच पहिल्या बाजूला जाऊन बसतो.

याउलट कालक्रम पाळणारा वाचक ‘कोळ्यांच्या घरट्यांकडे जाणारी वाट’ (१९४७) या पहिल्या कादंबरीपासून निघेल. फॅसिस्टविरोधी सशस्त्र प्रतिकारात काल्विनो स्वतः सहभागी होता. तो अनुभव तेथे पिन या पोरक्या मुलाच्या नजरेतून येतो. पण १९६४च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत या पुस्तकाविषयीची त्याची अस्वस्थता स्पष्ट दिसते. लिहिलेले पुस्तक मूळ अनुभवाची जागा घेते आणि त्याची स्मृतीच पुसून टाकते, अशी ती खंत आहे. शिवाय येथून आरंभ केल्यास पुढचे सारे लेखन माघारीसारखे भासू लागते. सारांश, एक आरंभ सांगतो की या लेखकाला बांधिलकी नव्हतीच. दुसरा सांगतो की ती होती, पण त्याने ती सोडली. दोन्ही निवाडे वाचनापूर्वीच दिले जातात.

म्हणून ‘झाडांवरचा बॅरन’ (१९५७) हा आरंभ अधिक न्याय्य ठरतो. १५ जून १७६७ रोजी बारा वर्षांचा कोसिमो जेवणाच्या टेबलावर गोगलगाई खाण्याचे नाकारतो, झाडावर चढतो आणि पुन्हा आयुष्यात जमिनीवर पाय ठेवत नाही. ही कथा पलायनाची असती तर तिचे मोल अल्प ठरले असते. परंतु कोसिमो झाडांवरून शेतकऱ्यांसाठी छाटणीची कामे करतो, वणव्याविरुद्ध पहारे उभारतो, तत्त्वज्ञांशी पत्रव्यवहार करतो. त्याच्या संगतीने जान देई ब्रुगी या दरोडेखोराला कादंबऱ्यांचे असे वेड लागते की, फाशीच्या छायेतही त्याला चिंता असते ती अर्धवट राहिलेल्या कथेच्या शेवटाची. येथे अंतर म्हणजे अलिप्तता नव्हे. स्वतःच घातलेला एक नियम कठोरपणे पाळून जगाशी नाते जोडण्याची ती रीत आहे. हंगेरीतील १९५६च्या घटनांनंतर काल्विनोने १९५७च्या ऑगस्टमध्ये कम्युनिस्ट पक्षाचा राजीनामा दिला, हे ध्यानी घेता या रूपकाला लाभणारे वजन वेगळे सांगावयास नको.

अर्थात या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. उंचीवरून जगाकडे पाहण्याची मुभा सरदारपुत्राला असते. कोणाला तरी जमिनीवर राहावेच लागते. चेझारे काझेस या समीक्षकाने १९५८मध्येच काल्विनोच्या संदर्भात ‘अंतराच्या भावावेगा’चा प्रश्न उपस्थित केला होता. मात्र कादंबरीलाही या आक्षेपाची जाण आहे. तिचा निवेदक घरीच राहिलेला धाकटा भाऊ ब्याजो आहे. भावाच्या असामान्यत्वाची साक्ष जमिनीवरचा सामान्य माणूस देतो.

या आक्षेपाची खरी कसोटी लागते ती ‘मतदान-अधिकाऱ्याचा दिवस’ (१९६३) या लघुकादंबरीत. म्हणून वाचनाचा दुसरा टप्पा तो असावा. अमेरिगो ओर्मेआ हा कम्युनिस्ट १९५३च्या निवडणुकीत तुरीनच्या कोत्तोलेंगो या संस्थेतील केंद्रावर काम करतो. मतदान म्हणजे काय याचे आकलनही नसलेल्या रुग्णांना तेथे मतदानासाठी आणले जाते. हा गैरप्रकार रोखण्यासाठी आलेला अमेरिगो पाहतो, तो आपल्या विकलांग मुलासाठी बदाम फोडून ते त्याला भरवणारा एक शेतकरी बाप. माणूसपणाची सीमा कोठे आखायची, या प्रश्नापुढे त्याची तर्कशुद्ध भूमिका अपुरी पडते. येथे झाड नाही. अंतर राखायला जागाच उरलेली नाही.

या दोन कृतींनंतर ‘अदृश्य नगरे’ (१९७२) वेगळ्या रीतीने उलगडते. ५५ नगरांची ती रचना केवळ संयोगशास्त्राचा खेळ राहत नाही. जगण्यातल्या नरकात जे नरक नाही ते ओळखून त्याला जागा देण्याचा मार्को पोलोचा अखेरचा विचार मग सुभाषितासारखा वाटत नाही. कोसिमोच्या झाडावरून आणि अमेरिगोच्या मतदानकेंद्रातून तो कमावलेला असतो. १९७९च्या कादंबरीतील दहा आरंभही त्यानंतर निव्वळ कसरत वाटत नाहीत. प्रत्येक आरंभामुळे इतर शक्यता बंद होतात, याची ती जाणीव ठरते.

हार्वर्डसाठी योजिलेल्या व्याख्यानांच्या तयारीत काल्विनोने आरंभ आणि शेवट यांवर एक मसुदा लिहिला होता. अनंत शक्यतांपासून विलग होण्याचा क्षण म्हणजे आरंभ, हे त्याचे प्रमुख सूत्र. वाचकालाही ते लागू पडते. निरपराध आरंभ कोणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून आरंभ असा निवडावा की जो लेखकाविषयीचा प्रश्न खुला ठेवील आणि स्वतःच्या निवडीवर आक्षेप घेण्याची सोयही वाचकाला देईल.